तक्ता तोंडपाठ, तरी 'मीने चहा घेतली': अमराठी मोठ्या माणसांना मराठी व्याकरण कसं शिकवावं?

तुमचा प्रश्न मी जसा समजले तसा आधी मांडते. पुण्यातल्या तुमच्या सोसायटीत शनिवार-रविवारी तुम्ही शेजाऱ्यांना मराठी शिकवता. गटात कानपूर-लखनौकडचे हिंदी भाषक आहेत, हुबळीचं एक जोडपं आहे, हैदराबादचा एक तरुण आहे आणि केरळच्या एक नर्स आहेत. शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे तुम्ही लिंग, वचन, विभक्ती असं ओळीने शिकवलंत. तक्ते सगळ्यांना घडाघडा येतात. पण तोंड उघडलं की 'मीने चहा घेतली', 'घरमध्ये आहे', 'मी उद्या नाही येईन'. आता कुणीतरी सांगितलंय की व्याकरण बंदच करा, लहान मूल शिकतं तसं नुसतं ऐकून-बोलून शिकतील. म्हणून तुम्ही विचारताय की व्याकरण शिकवावं की नाही, शिकवायचं तर क्रम काय, आणि चुका किती दुरुस्त करायच्या. शेवटी त्या नर्सबाईंबद्दलही विचारलंय, की त्यांना सगळं समजतं पण त्या बोलतच नाहीत.

मी बरीच वर्षं पुण्यातच अमराठी प्रौढांना मराठी शिकवते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: व्याकरण शिकवाच. फक्त शाळेतलं व्याकरण बाजूला ठेवा. ते वेगळ्या कामासाठी बनलेलं आहे.

आठवा, आपण काय पाठ केलं होतं: स, ला, ते, स, ला, ना, ते. ने, ए, शी. ऊन, हून. चा, ची, चे. हे पाठ करायच्या आधीच आपल्याला 'आईला सांग' आणि 'आईने सांगितलं' यातला फरक येत होता. तक्त्याने आपल्याला येत असलेल्या गोष्टीला नाव दिलं. तुमच्या विद्यार्थ्यांना ती गोष्टच येत नाही, त्यामुळे नावाचा त्यांना काही उपयोग नाही. शिवाय तो तक्ता संस्कृतच्या साच्यावर बेतलेला आहे. द्वितीयेला 'स, ला, ते' आणि चतुर्थीलाही 'स, ला, ते'. एखादा हुशार विद्यार्थी विचारतोच, की प्रत्यय एकच असेल तर दोन ओळी कशाला? आणि 'रामास', 'रामाते' हे तो रिक्षावाल्याकडून, भाजीवालीकडून, ऑफिसात कधीच ऐकणार नाही. त्याला लागणारे प्रत्यय मोजकेच आहेत: ला, ने, त, हून, चा-ची-चं आणि त्यांच्या जोडीला वर, मध्ये, साठी, बरोबर, पेक्षा, मुळे यांसारखी शब्दयोगी अव्ययं.

परक्या भाषकांसाठी वेगळं व्याकरण लिहावं लागतं हे काही नवीन नाही. विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याचं मराठी व्याकरण 1805 साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघालं, ते मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजांसाठी होतं. गोव्यात त्याच्याही कितीतरी आधी, 1640 साली, थॉमस स्टीफन्सचं कोकणीचं व्याकरण राचोलला छापलं गेलं, तेही पोर्तुगीजमध्ये, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठीच. 'हे वाक्य मी कसं तयार करू?' या प्रश्नाचं उत्तर शिकणाऱ्याला हवं असतं. आपली शालेय पुस्तकं 'या शब्दाला काय म्हणतात?' याचं उत्तर देतात.

आता 'लहान मूल शिकतं तसं' या सल्ल्याबद्दल. 1980च्या सुमारास स्टीफन क्रॅशन या अमेरिकन अभ्यासकाने हा विचार फार जोरकसपणे मांडला, की समजेल अशी भाषा भरपूर कानावर पडली की ती आपोआप येते, नियम शिकवून येत नाही. यातला अर्धा भाग मला शंभर टक्के पटतो. ऐकणं भरपूर हवंच, त्याशिवाय काही उगवत नाही. पण मूल दिवसभर मराठीत असतं, आणि तुमच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून तीन-चार तास मिळतात. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. मराठीचे प्रत्यय छोटे असतात, बोलताना गिळले जातात, आणि बऱ्याचदा अर्थ समजायला त्यांची गरजच पडत नाही. 'मी काल दुकान गेलो' म्हटलं तरी वाण्याला कळतं. समोरच्याला कळलं की शिकणाऱ्याचं काम झालं, मग 'दुकानात'मधल्या त्या 'आत'कडे त्याचा कान जाणार कशाला? वर्षानुवर्षं पुण्यात राहून 'घरमध्ये' म्हणणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. त्यांच्या कानावर मराठी कमी पडली असं नाही, त्या प्रत्ययावर कुणी बोट ठेवलं नाही. नॉरिस आणि ऑर्टेगा या अभ्यासकांनी 2000 साली आधीच्या दोन दशकांतले प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा नियम उघड करून शिकवलेल्या गटांची प्रगती अधिक दिसली. त्यातल्या बऱ्याच चाचण्या कागदावरच्या होत्या, मोकळ्या बोलण्याच्या नव्हत्या, हेही लक्षात ठेवायला हवं. तुमच्या गटाचं नेमकं तेच झालंय: कागदावर येतं, तोंडात येत नाही.

कोणतं व्याकरण, कुणाला आणि केव्हा, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. विद्यार्थ्याला देवनागरी वाचता येते का, तो राहतो कुठे, मराठी त्याला कशासाठी हवी आहे. नागपुरात राहणाऱ्याच्या कानावर 'जाऊन राहिला' पडणार. कोल्हापुरात बायकांच्या तोंडी 'मी जातो, मी आलो' ऐकू येणार. ही रूपं चूक आहेत असं विद्यार्थ्याला कधीच सांगू नका. 'हे तिकडे असं म्हणतात, तू ऐकून समजून घे, बोलताना मी शिकवते ते बोल,' एवढं पुरतं. बँकेत काम करणाऱ्याला 'सही करावी लागेल', 'आधार कार्ड आणायला हवं' ही रचना पहिल्या महिन्यात लागते, आणि आयटीतल्या माणसाला ती वर्षभर लागत नाही. परदेशातल्या मराठी घरांतली मुलं हे आणखी वेगळं प्रकरण आहे. त्यांच्या कानात मराठी मुरलेली असते, नियम सांगायच्या आधी त्यांना फक्त बोलायचं निमित्त लागतं. त्यांच्यासाठी मी इथे लिहीत नाहीये.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची असते विद्यार्थ्याची मातृभाषा. तुमच्या गटातल्या चारही भाषांच्या माणसांना एकच धडा एकाच क्रमाने दिला, म्हणून कुणालाच तो पुरता लागला नाही, असं मला वाटतं. काय शिकवायची गरज नाही हे आधी ठरवा. 'मला भूक लागली', 'मला हे आवडतं' ही रचना इंग्रजी भाषकाला तासन्‌तास समजावावी लागते. तुमच्या गटातल्या प्रत्येकाच्या भाषेत ती आहेच, 'मुझे भूख लगी' म्हणणाऱ्याला त्यात काय शिकवायचं? 'पाहिजे' आणि 'नको' ही जोडी तर हुबळीच्या जोडप्याला पहिल्या दिवशी जमेल, कारण कन्नडमध्ये 'बेकु' आणि 'बेड' असे दोन वेगळे शब्द आहेतच. हिंदी भाषक मात्र 'नाही पाहिजे' म्हणत राहतो, त्याला 'नको' मुद्दाम शिकवावं लागतं. 'आम्ही' आणि 'आपण' यातला फरक तेलुगू माणसाला सांगावाच लागत नाही, त्याच्याकडे 'मेमु' आणि 'मनम' आहेत. हिंदीत दोन्हीसाठी 'हम'. त्यामुळे समोरच्याला सोबत घेऊन निघताना लखनौचा माणूस 'चला, आम्ही जाऊ' म्हणतो. भोपाळ-इंदूरकडचा विद्यार्थी आला तर त्याच्या बोलण्यातलं 'अपन' आठवून द्या, एका मिनिटात काम होतं.

नकाराचंही तसंच. 'नाही येईन' ही निव्वळ 'नहीं आऊँगा'ची छाया आहे. हिंदीत वाक्य तेच ठेवून 'नहीं' घातलं की भागतं, मराठीत नकारात क्रियापदच बदलतं. त्यामुळे नकार हा वेगळा पाठ म्हणून न घेता प्रत्येक रूप जोडीनेच द्या: येईन, येणार नाही. येतो, येत नाही. आहे, नाही. होतं, नव्हतं. कर, करू नको. जोडीतलं एक आलं की दुसरं आलंच पाहिजे, अशी तोंडाला सवय लावा.

भूतकाळावर मी सगळ्यात जास्त वेळ देते. सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात, आणि त्या भाषेगणिक वेगळ्या असतात. हिंदी भाषक म्हणतो 'मीने पोळी खाल्ली'. कन्नड आणि तेलुगू भाषक म्हणतो 'मी पोळी खाल्लो'. दोन्ही चुका वरवर सारख्या वाटतात, पण त्यांची मुळं वेगळी आहेत. हिंदीवाल्याला क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं हे माहीत आहे, 'रोटी खाई' तो रोज म्हणतो. त्याला एवढंच सांगायचं, की मी, तू, आम्ही, आपण, तुम्ही यांना 'ने' लागत नाही, बाकी सगळ्यांना 'ने' किंवा 'नी' लागतो. दहा मिनिटांचं काम, मग फक्त सराव. कन्नड-तेलुगूवाल्याच्या भाषेत क्रियापद नेहमी कर्त्याकडे बघतं. खाणारा पुरुष आहे आणि क्रियापद मात्र पोळीप्रमाणे 'खाल्ली' होतं, ही कल्पनाच त्याला नवी आहे. त्याला आधी ती पचू द्यायला लागते. त्याच्यासमोर 'ने'चा नियम सांगत बसलात तर तो वाट चुकतो.

हा पाठ मी जेवणाच्या ताटावरून घेते. भात, पोळी, वरण. तीन पदार्थ, तीन लिंगं, आणि पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेले. पहिली पंधरा मिनिटं विद्यार्थ्यांनी बोलायचंच नाही. ताटाचं चित्र समोर ठेवते आणि पदार्थाचं नाव न घेता फक्त क्रियापद म्हणते: 'त्याने खाल्ला.' त्यांनी भातावर बोट ठेवायचं. 'तिने खाल्ली.' पोळी. 'तिने खाल्लं.' वरण. इथे पदार्थाचं नावच नसल्यामुळे शेवटचा स्वर ऐकल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. एरवी कानावरून निसटून जाणारा प्रत्यय इथे त्यांना धरावाच लागतो. 'तिने खाल्ला' ऐकल्यावर हुबळीच्या माणसाचा हात हमखास अडखळतो, बाई असताना 'खाल्ला' कसं? तो अडखळला की नियम सांगायची वेळ आली. तेव्हा एकच वाक्य सांगायचं: 'कोणी खाल्लं ते सोडा, काय खाल्लं ते बघा.' त्याआधी सांगितलेला नियम डोक्यावरून जातो.

मग लोणचं, पापड, कोशिंबीर, ताक अशी भर घालायची आणि बोलायला लावायचं, पण अजून मोकळं नाही. 'फ्रिजमधलं कोणी काय संपवलं?' असा खेळ घेते. 'ताक कोणी संपवलं?' 'मी संपवलं.' 'पोळ्या कोणी संपवल्या?' 'त्याने संपवल्या.' यात 'मी' आणि 'त्याने' आळीपाळीने येत राहतात, म्हणून हिंदी भाषकांचाही सराव त्याच खेळात होतो. शेवटी खरं बोलणं: काल घरी काय केलंत, काय आणलंत, काय बघितलंत. तिथे चुका होतीलच, होऊ द्या. एका रविवारी सुरू केलेला हा पाठ पुढचे कित्येक रविवार थोडा थोडा परत येत राहिला पाहिजे.

'मी पाणी प्यायलो', 'मी विसरलो', 'मी मराठी शिकले', 'तो म्हणाला' ही क्रियापदं कर्त्याकडे बघतात, ती या पाठात आणू नका. पण विद्यार्थ्याला ती रोज लागतात. त्यामुळे ती 'विसरलो, सॉरी' अशी अख्खी वाक्यं म्हणून तोंडात बसवा, नियमातला अपवाद म्हणून पुढे कधीतरी दाखवा. कन्नड भाषकाला ती सोपी जातात. हिंदी भाषक 'मीने चहा प्यायली' म्हणेल, तेव्हा बघू.

लिंगाबद्दल थोडंच सांगते. तक्ता नको, प्रत्येक नाम विशेषणासकट द्या: मोठा डबा, मोठी पिशवी, मोठं ताट. कन्नड, तेलुगू, मल्याळममध्ये निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं, त्यामुळे पिशवी 'ती' का, हे त्यांना विचारूही देऊ नका. कारण नाहीच, सवय आहे. हिंदी भाषकांना कल्पना माहीत असते, पण शब्द दगा देतात. त्यांच्यासाठी एक छोटी यादी भिंतीवर लावा. चहा हिंदीत स्त्रीलिंगी, आपल्याकडे 'तो चहा'. आवाज तिकडे स्त्रीलिंगी, इथे 'तो आवाज'. पुस्तक आणि दुकान तिकडे स्त्रीलिंगी, इथे 'ते'. पाणी, घर, दही तिकडे पुल्लिंगी, इथे 'ते'. तुमच्या गटाच्या बोलण्यातून दर आठवड्याला एखादा शब्द त्यात वाढत जाईल.

आता 'घरमध्ये'. व्याकरणाच्या पुस्तकात याला सामान्यरूप म्हणतात. वर्गात मी हा शब्द वापरत नाही, 'काही चिकटायच्या आधी शब्द बदलतो' एवढंच म्हणते. हिंदीत 'घर में' म्हणताना 'घर' तसाच राहतो, म्हणून ही चूक. सुरुवातीला मी गावांची नावं घेते, कारण पहिल्याच दिवशी ती कामाला येतात. स्वारगेटच्या स्टँडवर उभे आहोत अशी कल्पना करा. कुठून आलात, कुठे चाललात? नाशिकला, नागपूरला, सोलापूरला, दादरला: इथे काहीच बदलत नाही. मुंबईला, बारामतीला: इथेही नाही. पण सातारा, साताऱ्याला. वर्धा, वर्ध्याला. गोवा, गोव्याला. पुणे, पुण्याला. ठाणे, ठाण्याहून. दहा-बारा नावं ऐकवली की विद्यार्थी स्वतःच सांगतो, शेवटी 'आ' किंवा 'ए' असेल तर 'या' येतो. त्याने शोधलेला नियम त्याच्या लक्षात राहतो. 'पुणेमध्ये' तर आता दुकानांच्या पाट्यांवरही दिसतं. ते विद्यार्थ्यांना शोधायला लावा आणि दुरुस्त करून आणायला सांगा. हा गृहपाठ त्यांना फार आवडतो.

त्यानंतर घरातल्या वस्तू. माझी किल्ली कुठे आहे? डब्यात, पिशवीत, खिशात, टेबलावर, शाळेत. इथे सामान्य नामं बदलतात हे दिसतं: खिसा-खिशात, टेबल-टेबलावर, शाळा-शाळेत. आणि एक मोठी सवलत नक्की सांगा, तिच्यामुळे विद्यार्थ्यांचा जीव भांड्यात पडतो. नामाला काही चिकटलं की 'चांगला', 'मोठा' यांसारख्या विशेषणांचं एकच रूप होतं: मोठ्या डब्यात, मोठ्या पिशवीत, मोठ्या ताटात. 'माझा'चंही तसंच, माझ्या घरात, माझ्या खोलीत, माझ्या ऑफिसात. लिंग आठवलं नाही तरी इथे विशेषण चुकत नाही. 'वाटेवर' आणि 'भिंतीवर' असा फरक का, हे मात्र पहिल्या वर्षात काढू नका. ते शब्द भेटतील तसे अख्खेच शिकू देत.

इथवरचं पुन्हा एकदा थोडक्यात: आधी मातृभाषेतून जे फुकट मिळतं ते वेगळं काढायचं. उरलेल्यातलं एक घ्यायचं. ते आधी कानाने पकडायला लावायचं, अडखळले की नियम एका वाक्यात सांगायचा, मग बांधून दिलेला सराव आणि शेवटी मोकळं बोलणं. नियम सांगण्याची वेळ पूर्ण तासात पाच-सात मिनिटांच्या वर जाऊ नये.

चुका दुरुस्त करण्याबद्दल. बहुतेक शिक्षक, आणि मराठी शेजारीही, एक गोष्ट आपोआप करतात. विद्यार्थी म्हणतो 'मी पोळी खाल्लो', आपण म्हणतो 'अच्छा, पोळी खाल्ली, आणि?' आपल्याला वाटतं आपण सुधारलं. त्याला वाटतं आपण हो म्हटलं. लिस्टर आणि रान्टा यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास 1997 साली प्रसिद्ध केला. शिक्षक सगळ्यात जास्त हीच पद्धत वापरत होते, आणि तिला विद्यार्थ्यांकडून प्रतिसाद मात्र सगळ्यात कमी मिळत होता. त्यापेक्षा थांबून विचारा: 'मी पोळी...?' आणि गप्प बसा. त्यालाच 'खाल्ली' म्हणू द्या. स्वतः दुरुस्त केलेलं वाक्य टिकतं.

पण हे एका तासात एकाच प्रकारच्या चुकीसाठी करा. आज भूतकाळ चालू असेल तर 'घरमध्ये' ऐकूनही सोडून द्या. तो कुणाच्या तरी आजारपणाबद्दल किंवा घरच्या काळजीबद्दल सांगत असेल, तर काहीच दुरुस्त करू नका, ऐका. ज्या चुकीमुळे अर्थच बदलतो किंवा समोरच्याला वाईट वाटू शकतं ती मात्र लगेच सांगा, जसं सासूबाईंना 'तू' म्हणणं. हिंदी भाषकांकडून हे अनेकदा होतं. मराठीत आईला आपण 'तू' म्हणतो, ते ऐकून त्यांना वाटतं सगळ्याच मोठ्यांना चालेल.

तुमच्या पुस्तकात 'मी जेवण केले', 'घर मोठे आहे' आहे आणि तुम्ही वर्गात बोलता 'केलं', 'मोठं'. विद्यार्थी गोंधळतात ते इथेही. बोली रूपंच शिकवा, आणि 'करतोय', 'आलीये', 'झालंय' ही जोडलेली रूपंही लवकर द्या, कारण बाहेर तीच ऐकू येतात. वर्तमानपत्र वाचायला लागले की 'केले' सांगायला एक वाक्य पुरतं. आणखी एक गोष्ट आपण मराठी माणसांनी मनावर घ्यायला हवी. विद्यार्थी धीर करून मराठीत सुरुवात करतो आणि आपण हिंदीत उत्तर देतो. तुमच्या सोसायटीतल्या मराठी शेजाऱ्यांना, वॉचमनला, किराणावाल्याला सांगून ठेवा की या लोकांशी मराठीतच बोला, हळू बोला, पण भाषा बदलू नका. विद्यार्थ्यांनाही 'मी शिकतोय, मराठीतच बोला ना' हे वाक्य पहिल्याच तासाला द्या. तुमच्या दोन तासांपेक्षा ते जास्त काम करेल.

शेवटी त्या नर्सबाई. मल्याळममध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतच नाही, मी असो, तू असो, ती असो, रूप एकच. मराठीत मात्र जातो, जाते, जातोस, जातेस, आणि भूतकाळात वर पोळी आणि वरणही. त्यांना सगळं समजतं, पण वाक्य तयार करताना प्रत्येक शब्दाला चार पर्याय समोर येतात आणि त्या थांबतात. गटातले हिंदी भाषक अर्धं वाक्य हिंदीच्या बळावर रेटून नेतात, त्यांच्यापुढे यांना जास्तच संकोच होत असणार. पुढचे दोन महिने त्यांना गटाचा क्रम लावू नका. त्यांचा वॉर्ड हाच त्यांचा पाठ करा. विचारायची वाक्यं आधी: 'दुखतंय का?', 'कुठे दुखतंय?', 'कधीपासून?', 'ताप आला होता का?' आज्ञार्थात तर 'तुम्ही'चं एकच रूप पुरतं, लिंग नाही, काळ नाही: हात वर करा, श्वास घ्या, झोपा, थोडं पाणी प्या. या रूपांवर त्या पूर्ण पाळी मराठीत काढू शकतील. मग 'गोळी घेतली का?', 'औषध घेतलं का?', 'चहा घेतला का?' घ्या. भूतकाळाचा अख्खा धडा या तीन प्रश्नांत आहे, आणि तो त्यांना दर पाळीला पेशंटसमोर वापरावाच लागणार आहे. पहिल्या आठवड्यात त्यांच्याशी दहा मिनिटं एकट्याने बसा, तुम्ही पेशंट व्हा, त्यांना विचारू द्या. त्यांनी 'गोळी घेतला का' विचारलं तर 'गोळी...?' म्हणून थांबा आणि त्यांना पुरेसा वेळ द्या.